आमच्या बंदुकीला आटे का नव्हते?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात फटाक्यांचा धूर दाटला, की माझे मन हटकून मोर्शीला जाऊन पोचते. इतरांना त्या वासाने चकल्या-करंज्या आठवत असतील. मला आठवते ती आमच्या संत्र्यांच्या बगीच्यातली कौलारू ओसरी आणि तिथे खुंटीला टांगलेली आबाजींची ठासणीची बंदूक. शोभेची दारू काय आणि बंदुकीची दारू काय, घराणे एकच: सोरा, गंधक आणि कोळसा.

सातपुड्याच्या पायथ्याचा आमचा मुलूख. रात्र पडली की रानडुकरांचे कळप डोंगरातून उतरत आणि ज्वारी असो की भुईमूग, सकाळपर्यंत वावराचे नांगरलेले रान करून टाकीत. त्यासाठी आबाजींपाशी पीकरक्षणाचा परवाना होता. बंदूक भरण्याचा त्यांचा विधी आम्ही पोरे श्वास रोखून पाहत असू. आधी नळीत मोजून दारू घालायची, मग चिंधीचा बोळा, त्यावर छर्रे किंवा गोल गोळी, पुन्हा बोळा. आणि गजाने ते सारे बेताने ठासायचे. शेवटी कानावर तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा अर्धा चढवून ठेवायचा. या साऱ्यात दोन-तीन मिनिटे सहज जात. तेवढ्या वेळात डुक्कर वाघोलीच्या पार पोचत असेल, असे आम्ही म्हणायचो, आबाजी हसून म्हणत, “अरे पोट्टेहो, डुक्कर भेलं म्हणजे झालं. त्याले मारूनच कुठं आपलं पोट भरते?” ते माळकरी होते. चिंधीला लावायला त्यांना तिळाचे तेल आणि मधमाश्यांचे मेण चाले. चरबीचे नाव काढलेले खपत नसे.

एका दिवाळीत धाकटे काका अमरावतीहून सुटीला आले ते टोकदार गोळीचे वेड डोक्यात घेऊन. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी चित्र पाहिले होते. मातीचा साचा करून त्यांनी जुन्या शिशाच्या दोन लांबट गोळ्या ओतल्या. खाली बसकी, वर निमुळती, थेट देवळाच्या शिखरासारखी. एवढी डौलदार गोळी गोल गोळीपेक्षा लांब आणि नेमकी जाणारच, असा त्यांचा दावा. आबाजींनी पुष्कळ आढेवेढे घेतले. पण लेकाचा हट्ट म्हणून अखेर दारू निम्मी घालून, आम्हां सर्वांना विहिरीच्या कठड्याआड बसवून, चाळीस पावलांवरच्या आंब्याच्या फळीवर त्यांनी बार काढला. पहिली गोळी कुठे गेली ते कळलेच नाही. दुसरी लागली, पण फळीवर गोल भोक पडण्याऐवजी लांबोळका व्रण उमटला होता. गोळी टोकाने न लागता कुशीवर लागली होती!

आबाजींनी त्या व्रणावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “आडवी पडली ना बाबू. नळी सपाट हाय. तिले फिरकी कोण देईन? त्याले आट्याची बंदूक लागते. अन् थे आपल्याले कोणी देल्ली नाई.”

“काहून नाई देल्ली, आबाजी?” मी विचारले.

“थे मोठी गोष्ट हाय,” एवढेच म्हणून त्यांनी बंदूक खुंटीला लावली. ती मोठी गोष्ट कळायला मला निम्मे आयुष्य लागले. या दिवाळीच्या निमित्ताने ती वाचकांपुढे मांडतो.

भोवरा फिरत असतो तोवर आपल्या आरीवर ताठ उभा राहतो. फिरकी संपली की कलंडतो. गोळीचेही तसेच. लांबट गोळीला हवेत नाक पुढे ठेवून जायचे असेल, तर तिला स्वतःभोवती गिरक्या घेणे भाग असते. या गिरक्या देण्यासाठी नळीच्या आतल्या अंगाला मळसूत्रासारखे पिळाचे चरे पाडतात. तेच आटे. अशी नळी ज्या बंदुकीला असते ती रायफल. युरोपातल्या कारागिरांना ही विद्या पंधराव्या-सोळाव्या शतकापासून ठाऊक होती. मग लढाईत तिचा सर्रास उपयोग व्हायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य का उजाडावा लागला?

त्याचे उत्तर गजात आहे. आट्यांनी गोळीला पकडावे, तर गोळी नळीत घट्ट बसली पाहिजे. आणि बंदूक तोंडाकडून भरायची, तर गोळी सैल असली पाहिजे. घट्ट गोळी चामड्यात किंवा कापडात गुंडाळून, गजावर जोर देत तळापर्यंत न्यावी लागे. इंग्रजांनी १८०० च्या सुमारास बेकर नावाची रायफल निवडक पलटणींना दिली, तेव्हा गोळी ठोकायला सुरुवातीला लाकडी हातोडीही सोबत देत. त्यात दारूचा मळ चऱ्यांत साचला म्हणजे पुढची गोळी खाली उतरता उतरत नसे. साध्या सपाट नळीच्या बंदुकीतून कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी; रायफलवाल्याचा जेमतेम एक होई. म्हणून नेम नसला तरी चालेल, पण बार झटपट हवा, असा सेनापतींचा हिशेब असे.

त्या सपाट नळीचा पराक्रम आमच्या वऱ्हाडाने चांगलाच पाहिला आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडच्या अडगावच्या मैदानात आणि १५ डिसेंबरला गाविलगडाच्या खिंडारात वेलस्लीच्या फौजा लढल्या, त्या प्रामुख्याने याच चकमकीच्या सपाट बंदुका घेऊन. शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणे व्यर्थ. म्हणून रांगा करून जवळ जायचे आणि एकदम बार करायचा, नाहीतर संगिनी चालवायच्या. गाविलगडचा किल्लेदार बेनीसिंग पडला तोही अशाच हातघाईत.

घट्ट आणि सैल यांचे भांडण मिटवण्याची युक्ती ज्याला प्रथम सुचली त्यांपैकी एक होता कॅप्टन जॉन नॉर्टन हा इंग्रज अधिकारी. आणि गंमत अशी, की ती त्याला आपल्या देशात सुचली असे सांगतात. दक्षिण हिंदुस्थानात त्याने काही लोकांना फुंकणीने बाण मारताना पाहिले. आपल्या आयाबायांची चुलीची फुंकणी असते तशीच, पण लांब नळी. तिच्यात घालायच्या बाणाच्या बुडाला कमळाच्या देठातला मऊ भेंड लावलेला असे. फुंकर मारली की तो भेंड पसरून नळीला सगळीकडून चिकटे, वारा बाजूने निसटत नसे, आणि बाण सणाणत जाई. नॉर्टनने मनाशी म्हटले, गोळीचे बूड पोकळ केले तर? दारू पेटताच तिचा जोर त्या पोकळीत शिरेल, मऊ शिशाची कड बाहेर फाकेल आणि आपोआप चऱ्यांत रुतेल. म्हणजे भरताना सैल आणि उडताना घट्ट! विलायतेतल्या शस्त्रखात्याने त्याची कल्पना बाजूस सारली. विल्यम ग्रीनर नावाच्या कारागिराने पुढे तिच्यात पाचर बसवून पाहिली. तिचीही तीच गत झाली. अखेर १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिए नावाच्या कॅप्टनने पोकळ बुडात लोखंडाची इवलीशी वाटी बसवून अशीच गोळी सिद्ध केली, आणि जे घरात सुचले होते तेच इंग्रजांनी त्याला २०,००० पौंड देऊन विकत घेतले.

इंग्रजांची १८५३ सालची एनफील्ड रायफल ही या युक्तीचे परिपक्व फळ. तिची नळी ३९ इंच लांब, आत तीन चरे, आणि त्यांचा पीळ असा की ७८ इंचांत एक फेरा पूर्ण व्हावा. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळीचा अर्धाच फेरा होई. पण तिचा वेग एवढा, की हवेत ती सेकंदाला दीडशेहून अधिक गिरक्या घेई. गोळीचे वजन ५३० ग्रेन, आपल्या मापाने तीन तोळ्यांना किंचित कमी. दारू ६८ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार मासे. नळीचे छिद्र ०.५७७ इंचाचे आणि सुरुवातीच्या गोळीची जाडी ०.५६८. दोहोंत इंचाच्या शंभराव्या हिश्शाएवढी फट. तेवढ्या फटीवर सारा खेळ उभा होता. लोखंडी वाटी जाऊन बुडातल्या पोकळीत पुढे लाकडाची, आणि त्यानंतर भाजलेल्या मातीची खुंटी आली.

आता भरण्याची रीत पाहू. कारण इतिहासाने वळण घेतले ते याच रीतीपाशी. गोळी आणि दारू एकाच कागदी सुरळीत बांधलेली असे, हेच काडतूस. वरच्या अंगाला दारू आणि खालच्या अंगाला गोळी. गोळीचे टोक दारूकडे आणि बूड बाहेर. बुडाकडचा कागद वंगणात बुडवलेला. शिपायाने बंदूक उभी धरायची, दारूकडचे टोक फाडून दारू नळीत ओतायची, मग सुरळी उलटी करून वंगणाच्या बाजूने गोळी नळीच्या तोंडात बसवायची, वरचा रिकामा कागद तोडून टाकायचा आणि गजाने हलकेच दाबून गोळी दारूवर टेकवायची. वंगणामुळे गोळी सहज उतरे, मळ मऊ राही. टोपी बसवली की बंदूक तयार. सपाट बंदुकीएवढाच झटपट बार आणि पल्ला मात्र कित्येक पट. तिच्या मोजपट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा असत.

एक हात बंदुकीला गुंतलेला, म्हणून कागद दातांनी फाडायची कवायत पूर्वापार चालत आलेली होती. आणि येथे वंगण आले! विलायती कृतीत ते चरबी आणि मेण यांचे होते. ती चरबी कोणत्या जनावराची, याची चौकशी करण्याची तसदी वेळेवर कोणी घेतली नाही. गाय म्हणजे हिंदूचा धर्म आणि डुक्कर म्हणजे मुसलमानाचा. दोहोंची शंका एकाच कागदात गुंडाळलेली.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमच्या तोफखान्यातील एका खलाशाने ब्राह्मण शिपायापाशी लोटाभर पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला, तेव्हा खलाशी म्हणाला, की लवकरच तुम्ही गायडुकराच्या चरबीची काडतुसे चावणार आहात, मग ही जात कुठे राहील? ही हकीकत २२ जानेवारीला वरिष्ठांच्या कानी गेली. सरकारने पाचच दिवसांत शिपायांना आपापले वंगण तेल-मेणाचे बनवून वापरण्याची मुभा दिली. पुढे दातांऐवजी बोटांनी कागद फाडायची नवी कवायतही आली. पण एकदा मन विटले, की त्याला दुरुस्ती लागू पडत नाही. चरबीवरून शंका कागदाच्या चकाकीवर गेली. २६ फेब्रुवारीला बेऱ्हामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसे घेण्यास नकार दिला, ती तर जुन्याच बंदुकांची, विना वंगणाची होती. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. ८ एप्रिलला त्याला फाशी झाली. २४ एप्रिलला मीरतच्या संचलनात ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसाला हात लावला नाही. तीही जुन्याच नमुन्याची होती आणि ती बोटांनी फाडायची होती. ९ मे रोजी सर्वांदेखत त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या. १० मे ची संध्याकाळ सर्वांना ठाऊक आहे.

कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते, त्यांच्याही कानांवर काडतुसांची गोष्ट वाटेतच पडली. १९०७ मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे ती मराठी घराघरांत पोचली. काडतूस हे काही बंडाचे एकमेव कारण नव्हते. खालसा झालेली राज्ये, बुडालेली वतने, पगार-भत्त्यांच्या तक्रारी, सारे साचलेले होतेच. पण दारू कितीही साचली तरी टोपीवाचून बार उडत नाही. ते काम वंगणाने केले.

यापुढची गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. शिपायांनी जी बंदूक नाकारली तीच गोऱ्या पलटणींच्या हातांत त्यांच्यासमोर उभी राहिली. मेअखेर हिंडन नदीकाठी मीरतच्या ६० व्या रायफल पलटणीने आणि १२ जुलैला फत्तेपूरला हॅवलॉकच्या शिपायांनी एनफील्ड चालवली. बंडवाल्यांची सपाट बंदूक पोचत नसे तिथून या टोकदार गोळ्या येत. फत्तेपूरच्या विजयाचे श्रेय वाटताना हॅवलॉकने देवाबरोबर आणि गोऱ्यांच्या धैर्याबरोबर एनफील्डलाही वाटा दिला होता. काही ठिकाणी बंडवाल्यांनी हाती लागलेल्या एनफील्ड आणि तीच काडतुसे वापरल्याचे दाखले आहेत. ते पुढे करून ‘मग धर्म कुठे गेला?’ असे हिणवणारे इतिहासकारही निघाले. मला त्यांचा युक्तिवाद पटत नाही. दुसऱ्याने कपटाने तोंडात घातलेला घास आणि आपण होऊन घेतलेला घास यांत फरक असतो. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने माणसांवर हुकूम चालवू नये.

आमच्या भागात त्या वर्षी फारशी धामधूम झाली नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हाती दिला होता. त्याच्या उत्पन्नावर पोसलेली हैदराबाद कंटिंजंट कंपनीच्याच बाजूने राहिली आणि १८५८ मध्ये सर ह्यू रोझबरोबर मध्य हिंदुस्थानात लढली. पण बंडाची झळ आमच्या वेशीपर्यंत येऊन गेली. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा उतरून दक्षिणेकडे आले आणि मुलताईत शिरले. मोर्शीहून वरूडमार्गे सातपुडा चढून गेले की मुलताई. तापीचा उगम तिथलाच. नागपूर आणि वऱ्हाड या दोन्ही वाटा त्यांच्यापुढे होत्या. पेशव्यांच्या नावाने मराठी मुलूख उठवावा हा हेतू. पण पुढचे मार्ग रोखलेले पाहून त्यांना पश्चिमेकडे वळावे लागले. १ डिसेंबरला छोटा उदेपूरला त्यांचा पराभव झाला आणि १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला त्यांना फाशी दिले. आमच्या ओसरीवरून उत्तरेला दिसणारी ती निळी रांग पाहिली, की अजूनही वाटते, तात्या तिच्या पलीकडे येऊन परत गेले.

बंड मोडले आणि इंग्रजांनी आपला धडा गिरवला. हिंदी शिपायाला पुन्हा बंदूक तर द्यायची, पण ती आपल्या बंदुकीच्या तोडीची नको. म्हणून १८५८ चा एक खास नमुना निघाला. दिसायला हुबेहूब एनफील्ड. तोच कुंदा, तोच घोडा. पण नळीतले आटे खरवडून ती सपाट केलेली आणि दूरचा नेम धरायची सरकती मोजपट्टी काढून तिथे साधी ठाम खूण बसवलेली. फिरकी तेवढी काढून घेतली! पहिल्या नळ्या खरवडून फार पातळ झाल्या, तेव्हा पुढच्या मुद्दाम जाड नळीच्या घडवल्या. विलायतेत १८६६ नंतर तीच एनफील्ड मागून भरायची स्नायडर झाली, गोऱ्यांना १८७१ पासून मार्टिनी-हेन्री मिळू लागली. हिंदी पलटणीचा शिपाई मात्र कायम एक पिढी मागे ठेवलेला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी रयतेला परवान्यावाचून शस्त्र बाळगणेच बंद झाले. युरोपियनांना त्यातून सूट होती.

आमच्या आबाजींची बंदूक ही या वंशावळीतली शेवटची गरीब नातलग. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की छर्रे उडवायला सपाट नळीच सोयीची असते आणि ती स्वस्तही पडते. तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याची बंदूक कोणी मुद्दाम खरवडली असे मुळीच नाही. पण रयतेच्या हाती सपाट नळी आणि सरकारच्या हाती आट्यांची, ही विभागणी या देशात मुरली ती तेव्हापासून. स्वराज्यात १९५९ चा नवा कायदा आला, त्यातही पीकरक्षणासाठी नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचेच.

हे सगळे मला उमगले तेव्हा आबाजी नव्हते. त्यांच्यामागे परवान्याचे नूतनीकरण कोणी केले नाही आणि बंदूक सरकारजमा झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानगीवाचून डुकरावर बार टाकण्याची सोयही उरलेली नाही. डुकरे मात्र येतातच. आता बगीच्यात रात्री फटाके लावून त्यांना हाकलतात.

शेवटच्या दुखण्यात त्यांना भेटायला गेलो होतो तेव्हा मीच विषय काढला. तोवर मंगल पांडेची गोष्ट शाळेत शिकून झाली होती. “आबाजी, हाती आयती चांगली बंदूक येत होती. शिपायांनी ती घेतली असती, अन् मग तिचंच तोंड फिरवलं असतं, तर?”

त्यांनी गळ्यातली माळ चाचपली. “नळीले फिरकी नसली तं गोळी आडवी पडते, बाबू,” ते म्हणाले. “माणसाचंही तसंच हाय. त्याइनं थे काडतूस मुकाट्यानं चावलं असतं, तं मंग उठून उभं राह्याले आंदर काय राह्यलं असतं?”

आंब्याची ती फळी काकांनी जपून ठेवली होती. पुढे ती गोठ्याच्या दाराला लागली. मोर्शीला गेलो की मी त्या लांबोळक्या व्रणावरून एकदा बोट फिरवतो.